गाडी अजून तिकडेच

दारुसचा उजवा हात डाव्यापेक्षा चांगला दोन छटा काळा होता. नव्याने भेटणाऱ्याला वाटायचं, काही रोगबिग असेल. रोग नव्हता, नोकरी होती. बावीस वर्षं तो हात मलेशियातल्या गुरुन गावच्या टोलनाक्यावर केबिनच्या खिडकीबाहेर होता आणि बाकीचा दारुस आत, पंख्याखाली. त्याची बायको पुतेह पाहुण्यांपुढे त्याचे दोन्ही हात शेजारी शेजारी धरून दाखवायची आणि म्हणायची, "अहो आबांग, दोन माणसं एकत्र शिवून तुम्हाला बनवलंय. खरं सांगा, माझं लग्न यातल्या कुणाशी लागलं?"

दारुस हसायचा नाही. कामाच्या गोष्टीला तो कधी हसत नसे. त्या कामात त्याने स्वतःपुरते दोन नियम करून ठेवले होते. गाडी थांबली की आपला हात आधी पुढे गेला पाहिजे, समोरच्याला 'कागद कुठे देऊ' असं विचारायची पाळी येता कामा नये. आणि दांडा एकदा वर गेला की त्या गाडीचं आपल्याशी असलेलं सगळं देणंघेणं संपलं. मग मागे वळून बघायचं नाही.

सुटीच्या दिवसांत परदेशी पाट्यांच्या गाड्या यायच्या. सिंगापूरचे लोक सुटे पैसे आधीच मोजून ठेवत. थाई गाड्या मात्र गोंधळ घालत. एकदा एक थाई कुटुंब आलं. महामार्गावर शिरताना मिळालेलं कार्ड त्यांच्याकडून हरवलं होतं. नियम साधा होता: कार्ड नाही, तर सगळ्यात लांबच्या नाक्यापासूनचा टोल भरा. बाई हातवारे करून सांगत होती की आम्ही जवळूनच आलो, फार तर दोन नाके मागून. आजीच्या मांडीवरची पिशवी उलटी केली, पायाखालच्या सतरंज्या उचलल्या. दारुसला ती खोटं बोलत नाही हे कळत होतं. तरी त्याचा हात तसाच पुढे राहिला. शेवटी त्यांनी पैसे दिले. जाताना त्या बाईने त्याला हात जोडले, आणि हेच त्याला पुढे कितीतरी दिवस खटकत राहिलं.

मग नाक्यावर यंत्रं आली. कार्ड दाखवा, दांडा वर. छप्पन्नाव्या वर्षी दारुसला एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. पुतेहने घरापुढे केळ्याची भजी तळायला घेतली आणि गल्ल्यावर याला बसवलं. गिऱ्हाईक येऊन उभं राहायच्या आत याचा हात पुढे. "अहो, त्यांना भजी तर घेऊ द्या," पुतेह कढईमागून ओरडायची, "हा काय टोल आहे?"

वर्षभर भजी तळायची आणि ईद झाली की जुन्या प्रोतोन गाडीत बसून सीमेपलीकडे थायलंडमधल्या हाटयायला जायचं, दोन रात्री राहायचं, हा त्यांचा एकुलता एक शौक. मूलबाळ नव्हतं. तिकडे बाजाराच्या कोपऱ्यावर का मीदा नावाची बाई कोंबडी तळून विकायची, वर कुरकुरीत तळलेला कांदा. तीही मुसलमान, तिला मोडकंतोडकं मलय यायचं. वर्षातून एकदाच भेट, तीही कोंबडी खाण्यापुरती, पण ती पुतेहला नावाने ओळखायची. दुसऱ्या देशात आपल्याला कुणी नावाने हाक मारतं याचं पुतेहला केवढं अप्रूप. गेल्या वर्षी का मीदाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं आणि म्हणाली होती, "पुतेह, किती सुटलीस गं. पुढच्या वर्षी तुझ्यासाठी दोन खुर्च्या मांडून ठेवते."

त्याच गेल्या वर्षी, परत येताना, सीमेवर गाड्यांची ही लांब रांग होती. शाळांना सुटी. पुतेहची पाठ दुखायला लागली. बसून बसून अवघडली असेल असं दोघांनाही वाटलं. बसून अवघडली नव्हती. चार महिन्यांनी आलोर सेतारच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं की दुखणं मणक्यात शिरलंय, आता फक्त त्रास कमी करता येईल.

तेव्हापासून गावात पुतेहकडे कुणी नीट बघेना. म्हणजे बघत, पण मान कलती करून, आवाज खाली आणून. जी बाई हिच्याशी नळावर वीस वर्षं भांडली, ती रोज पेज आणून द्यायला लागली. पुतेह म्हणाली, "मला तिची पेज नको, भांडण पाठव म्हणावं."

यंदाची ईद झाली आणि तिने सरळ सांगून टाकलं की हाटयायला जायचं. दारुसने डॉक्टर, रस्ता, खड्डे सगळं मोजून दाखवलं.

"मला कोंबडी खायची नाहीये," ती म्हणाली. "जिला काही माहीत नाही अशी जगात एकच बाई उरलीये. तिच्यापुढे मला एकदा बरी म्हणून बसायचंय. ती म्हणेल, बारीक झालीस, छान दिसतेस. मी म्हणेन, हो, तेल कमी केलंय."

त्याने गाडीची पुढची सीट खोलली. बिजागरीत फळी घातली, फळीवर कापसाची गादी, गादीवर दोन उशा, आणि कमरेखाली एक गुंडाळलेलं सारोंग, नेसायचं लुंगीसारखं. आठ दिवस तो फळीचा उतार बदलत होता. प्रत्येक वेळी पुतेह बसून बघायची आणि मानेनेच नाही म्हणायची. नवव्या दिवशी ती बसली आणि डोळे मिटून म्हणाली, "इथे राहू द्या." सबंध जगात ती दुखल्याशिवाय बसू शकेल अशी ती एकच जागा होती. सोमवारी तिचं इंजेक्शन होतं. शनिवारी निघायचं आणि रविवारी संध्याकाळी परत यायचं असं ठरलं. भज्यांच्या डब्यातले अकराशे रिंगिट त्याने खिशात घातले.

सीमेच्या अलीकडे चांगलून गावात सुमाली नावाची बाई टेबल टाकून बसायची. जातीची सयामी, म्हणजे थाईच, पण जन्माची इथल्या केडा राज्यातली. पलीकडे गाडी नेणाऱ्यांचे फॉर्म भरायची, विमा काढून द्यायची. दारुस दरवर्षी आपला फॉर्म आपणच भरायचा, त्यात त्याला कमीपणा वाटत नसे, उलट मोठेपणा वाटायचा. यंदा पुतेहला गाडीत सोडून उभं राहायला नको म्हणून तो तिच्याकडे गेला. सुमाली कागद घेऊन गाडीपाशीच आली आणि आत डोकावली.

"पाक दारुस, एवढ्या उशा? हाटयायला निघालात की पलंग विकायला?"

मग तिचं लक्ष पुतेहच्या चेहऱ्याकडे गेलं. दारुसला वाटलं, झालं, हिचीही मान कलणार. पण सुमाली पेन कानामागे खोचत म्हणाली, "आणि माक चिक, अहो मावशी, तुम्ही चांगल्या आडव्या पडून निघाल्यात. राणीसाहेबांचा वेगळा फॉर्म भरावा लागेल."

पुतेह हसली. कितीतरी दिवसांनी कुणी तिची टिंगल केली होती. फॉर्म भरून होईपर्यंत दोघी दारुसची नाक्यावरची नोकरी, का मीदा, तिचा गाडा, तळलेला कांदा, दोन खुर्च्या, 'तेल कमी केलंय' हे ठरवून ठेवलेलं उत्तर, सगळं बोलून मोकळ्या झाल्या. दारुसने फॉर्मवर आपला फोन नंबर घातला, तिचा घेतला, पैसे दिले आणि ते निघाले.

पलीकडे, थाई बाजूला, गाड्यांची नोंद करायच्या खिडकीत एक तरुण मुलगी बसली होती. निळा गणवेश, केस घट्ट मागे बांधलेले. तिने गाडीचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला. मग पुन्हा टाकला. मग दारुसकडे बघून मोडक्या मलयमध्ये म्हणाली, "पाचिक," म्हणजे काका, "ही गाडी आत घेता येणार नाही. ही गाडी आतच आहे."

दारुसला वाटलं, भाषेचा घोळ आहे. त्याने बोटाने मागे उभी असलेली प्रोतोन दाखवली.

मुलीने स्क्रीन त्याच्याकडे वळवला. गेल्या वर्षीची तारीख, गाडीचा नंबर, आणि बाहेर पडल्याच्या तारखेची चौकट रिकामी. गाडी आत येताना कागदाचे दोन तुकडे होतात, एक त्यांच्याकडे राहतो, एक गाडीबरोबर जातो आणि परत जाताना तो द्यायचा असतो. तो तुकडा आला नव्हता. तीस दिवसांत गाडी बाहेर गेली नाही तर रोजचा दंड, आणि दंडाची सगळ्यात वरची मर्यादा दहा हजार थाई बात. ती केव्हाच गाठली गेली होती.

दारुस गाडीपाशी आला. चालकाच्या बाजूची ऊन अडवायची फळी त्याने खाली ओढली. तिथे रबराच्या पट्टीखाली, एकही दुमड न पडता, तो तुकडा होता. बावीस वर्षं लोकांना 'कार्ड नीट ठेवा' सांगणाऱ्या माणसाने तो अगदी नीट ठेवला होता.

आता त्याला सगळं लख्ख आठवलं. आधीच्या वर्षांत रांगेच्या टोकाला एक माणूस उभा असायचा, तो हात पुढे करायचा आणि तुकडा घ्यायचा. गेल्या वर्षी तो माणूस तिथे नव्हता, बाजूला एक काउंटर होतं. गाडीतून उतरून, चालत जाऊन कागद द्यायचा, तशी पाटीही असणार. दारुसने तुकडा हातात धरून गाडी हळू केली होती, हात अर्धा बाहेरही काढला होता. कुणी हात पुढे केला नाही. शेजारी पुतेह पाठ धरून कण्हत होती. पुढचा दांडा वर गेला. आणि दांडा वर गेला की सगळं देणंघेणं संपतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"काय झालं?" पुतेहने विचारलं. त्याने सांगितलं.

"म्हणजे त्यांच्या हिशेबी आपण वर्षभर हाटयायमध्येच आहोत?"

"गाडी आहे."

"गाडीत मीच बसले होते ना? मग तिकडे इतकी मजा करत होते तर इथे आजारी कोण पडलं?"

दारुसने तुकडा नेऊन खिडकीत ठेवला. मुलीने तो उलटसुलट बघितला आणि मनापासून वाईट वाटल्यासारखी मान हलवली. आता हा घेऊन उपयोग नव्हता, तिने तो परत सरकवला. दंड भरायचा तर वरच्या मजल्यावरच्या कचेरीत, तिथल्या साहेबांच्या सहीने, आणि कचेरी शनिवार-रविवार बंद. केडात सुटी शुक्रवार-शनिवारची, रविवार कामाचा; इथे तोही सुटीत गेला. सोमवारी त्यांचा कसलासा सण. मंगळवारी या, म्हणाली. दंड मिटला की गाडी मोकळी.

खिशात अकराशे रिंगिट. दहा हजार बात म्हणजे तेराशेच्या आसपास. पण आज पैसे असते तरी ते घ्यायला माणूस नव्हता.

"माझी बायको आजारी आहे," दारुस म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुठल्याशा खिडकीच्या बाहेरच्या बाजूने विनवत होता. "आम्ही एक रात्र राहणार. उद्या परत."

मुलीने फोन उचलला, कुणाशी तरी बोलली, मान डोलावत राहिली. मग उठून, खिडकी बंद करून बाहेर आली. गाडीचा नंबर प्रत्यक्ष बघून लिहायचा होता. तिने नंबर लिहिला, सरळ उभी राहिली, आणि काचेतून तिची नजर पुतेहवर गेली. मुलीचा चेहरा एकदम मऊ पडला. मान कलली. तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, आणि दारुसला अगदी हळू आवाजात म्हणाली, "पाचिक, मला सोडायचं असतं तरी कॉम्प्युटर दांडा उचलणार नाही. नियम आहे."

दारुसला राग यायला हवा होता. रागासाठी त्याने आत शोधलंसुद्धा. पण तिथे ती थाई बाई उभी होती, उलट्या केलेल्या पिशवीसकट. तो म्हणाला, "हो. नियम आहे."

तुकडा पुन्हा रबराच्या पट्टीखाली खोचून, गाडी वळवून ते चांगलूनला आले. सुमालीने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "इतकी वर्षं लोकांकडून कागद घेणारा माणूस तुम्ही. आणि द्यायचा विसरलात?"

"विसरलो नाही," दारुस म्हणाला. "कुणी मागितला नाही."

सुमालीने तिघाचौघांना फोन केले, थाई भाषेत भांडली, गोड बोलली, पुन्हा भांडली. काही होईना. मग म्हणाली की गाडी राहू दे इथे, माझा भाऊ त्याच्या व्हॅनने तुम्हाला नेऊन आणेल. व्हॅन आली. दारुसने आणि भावाने मिळून पुतेहला उचलून बसवलं, पाठीशी सगळ्या उशा दिल्या. व्हॅन अजून जागची हलली नव्हती. पुतेहने ओठ दाबून धरले, सीटची कड धरली, कपाळावर घाम फुटला. फळी आणून बघितली, ती व्हॅनच्या सीटवर बसेना. दोन मिनिटांनी ती म्हणाली, "उतरवा मला."

पुन्हा प्रोतोनमध्ये बसवल्यावर तिचा श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. सुमाली काचेपाशी वाकून म्हणाली की मंगळवारी या, सकाळी सातला, कचेरीत मी स्वतः येते, उरलेले दोनशे मी घालते, मग द्या सावकाश. पुतेह म्हणाली, "येऊ की." सुमालीने तिच्या उशीला चापट मारली. "पलंग घेऊनच या."

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना भातशेतं होती, नुकतं पाणी भरलेली. दारुस खड्डे चुकवत हळू चालवत होता. मागचे लोक हॉर्न वाजवून पुढे जात होते.

"मंगळवारी नक्की," तो म्हणाला. "पैशाचं मी बघतो."

जित्रा गेलं, आलोर सेतार गेलं. मग ती म्हणाली, "ती मुलगी पाहिलीत? जिने हात जोडले."

"हं."

"काचेआडून, एका नजरेत ओळखलं तिने. मला वाटत होतं, बारीक झालेय इतकंच दिसतं." तिने डोळे मिटले. "का मीदानेही ओळखलं असतं. मी खुर्चीत बसायच्या आत. बरं झालं, नाही गेलो ते."

हे ती खरंच म्हणत होती की याला बरं वाटावं म्हणून, हे दारुसला कळेना. बत्तीस वर्षांच्या संसारात तिचं हे असलं बोलणं त्याला कधीच ओळखता आलं नव्हतं. त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित तिने सांगितलं असतं.

गुरुनच्या नाक्याशी सवयीने त्याने गाडी डावीकडून तिसऱ्या रांगेत घातली. ती त्याची केबिन. खिडकीवर पत्रा ठोकला होता, खाली यंत्र. दारुस थांबला, काच खाली केली आणि तसाच बसून राहिला. मागून कुणीतरी हॉर्न दिला.

"आबांग," पुतेह डोळे न उघडता म्हणाली, "कार्ड दाखवा. हात यायचा नाही आता."

सोमवारी इंजेक्शन झालं. मंगळवारी पहाटे दारुसने तेराशे रिंगिट जमवून शर्टाच्या खिशात घातले होते, दोनशे त्या नळावरच्या बाईने दिलेले. पण पुतेहला उठवायला गेला तर तिला कूस बदलता येईना. फळीपर्यंत न्यायचा प्रश्नच नव्हता. त्याने सुमालीला फोन करून येत नसल्याचं कळवलं. पुढच्या शुक्रवारी, दुपारच्या नमाजाच्या वेळी, पुतेह गेली. तेराशेंमधले काही मातीला लागले, दोनशे परत केले.

गाडीची सीट त्याने पूर्वीसारखी केली नाही. फळी, गादी, दोन उशा तशाच. शेजारी बसवायला कुणी नव्हतंच. दंड तेवढ्यावरच आहे, आता वाढत नाही. तो भरायला दारुस कधी गेला नाही. गाडी घरापुढे केळीच्या झाडाखाली उभी असते, आणि तिकडच्या कॉम्प्युटरवर ती अजून हाटयायमध्येच आहे. भजी आता कुणी तळत नाही.

तीनेक महिन्यांनी एका सकाळी सुमालीचा फोन आला. पुतेह गेल्याचं तिला ठाऊक होतं, तेव्हा तिने एक रडका निरोपही पाठवला होता. आज आवाज नेहमीचा होता. म्हणाली की काल कामाला हाटयायला गेले होते. बाजाराच्या कोपऱ्यावर कोंबडी घेतली. मलयमध्ये बोलले, तर बाई विचारायला लागली, कुठली? म्हटलं, चांगलूनची.

"मग?" दारुस म्हणाला.

"मग म्हणाली, गुरुनची एक पुतेह यायची दरवर्षी. यंदा फिरकली नाही, कशी आहे?"

दारुस ओट्यावर बसला होता. उजवा हात मांडीवर होता. नाका सुटून इतकी वर्षं झाली तरी त्याचा काळेपणा काही उतरला नव्हता.

"मी खोटं बोलले, पाक दारुस. आता तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. सांगितलं, मजेत आहे. तेल कमी केलंय, बारीक झालीये, छान दिसते. गाडीच्या कागदाची भानगड आहे म्हणून अडकलीये."

रस्त्यावरून शाळेची बस गेली.

"ऐकताय ना?" सुमालीने विचारलं. "चुकलं का माझं?"

"तू पुतेहचं नाव काढलं होतंस का आधी?"

"नाही हो. मी कशाला काढू? मला तर रडूच आलं असतं."

"म्हणजे तिने स्वतःहून विचारलं."

"स्वतःहून."

दारुसने बरं म्हणून फोन ठेवला. मग उठून गाडीपाशी गेला, दार उघडलं आणि ऊन अडवायची फळी खाली ओढली. तुकडा अजून रबराच्या पट्टीखाली होता. त्याने तो काढून, कुणी मागितल्यावर द्यायला धरावा तसा, उजव्या हातात धरला आणि तिथेच, पुतेहच्या उशांशेजारी, बसून राहिला.